एकटीपुरता कुकर

रविवारी सकाळी पावणेदहाला मी दाराशी उभी होते आणि किल्ली कुलपात जाईना. उन्हात लांब पळून आलं की माझी बोटं सुजून गरगरीत होतात, गालावरून हात फिरवला तर मिठाची कचकच लागते. 28 किलोमीटर झाले होते. आत आले आणि बूटही न काढता फ्रिज उघडला. अर्धं लिंबू, काळी पडत चाललेली कोथिंबीर, गुरुवारच्या डब्यातली फ्लॉवर-बटाट्याची भाजी, दाराच्या कप्प्यात लोणचं. मग मी फरशीवर बसले, पुड्यात उरलेली सहा बिस्किटं कोरडीच खाल्ली, कारण चहा टाकायला उठवेना, आणि तिथंच फ्रिजला टेकून झोपले. बाराच्या सुमाराला जाग आली ती आईच्या फोनने.

“जेवलीस?”

“हो.”

“काय केलं होतंस?”

मी जरा थांबले. तेवढं आईला पुरलं.

“अगं, भात तरी लावायचास.”

“एकटीसाठी कुठं कुकर लावत बसू, आई?”

तेव्हा हे वाक्य मी सहज बोलून गेले. गेली काही वर्षं माझा सगळा झगडा या एका वाक्याशीच चाललाय.

मी पुण्यात कर्वेनगरला राहते, एका सीएच्या ऑफिसात काम करते. म्हणजे जुलै, सप्टेंबर आणि मार्च हे महिने माझे नसतात. पळण्याचे दिवस ठरलेले: मंगळवारी इंटरव्हल (जोरात आणि हळू, आलटून पालटून), गुरुवारी टेम्पो (जरा जोरात, पण सलग), रविवारी लाँग रन. पहाटे पाचला बाहेर, सातला घरी, नऊला ऑफिस, रात्री आठला परत. दुपारी मेसचा डबा येतो, त्याची चिंता नाही. अडचण असते ती सकाळच्या त्या सव्वा तासाची आणि रात्री आठनंतरची. पळण्याच्या बाबतीत मी भलती काटेकोर आहे. गजर बंद करून पुन्हा झोपले असं होत नाही, बुटांचे किलोमीटर वहीत मांडलेले असतात. आमच्या ग्रुपात तर बुटाच्या तळव्याच्या जाडीवर लोक अर्धा तास बोलू शकतात. हीच मी स्वतःच्या ताटाशी मात्र सगळा उधारीचा व्यवहार करत होते.

त्यात एक वर्ष भात सोडण्याचं आलं. ऑफिसात साथ आल्यासारखं झालं होतं; कुणी भात सोडला, कुणी पोळी, कुणी चहातली साखर. मी रात्रीचा भात सोडला. दोन किलो वजन उतरलं, टायमिंग सुधारलं, ‘काय बारीक झालीस गं’ हे ऐकायला मिळालं. मग टायमिंग सुधारायचं थांबलं. मग ऑफिसचे दोन जिने चढताना पोटऱ्या भरून यायला लागल्या. पाळी एक महिना चुकली, दुसरा चुकला, तिसराही. मी म्हटलं, जुलै आहे, ताण असणारच. शेवटी रक्त तपासलं तर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, जेमतेम 9. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “पळता किती ते तुम्ही दशांश चिन्हासकट सांगितलंत. आता खाता किती ते सांगा.” मला सांगता येईना.

या प्रकाराला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये नाव दिलं आहे: रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, थोडक्यात रेड-एस. अर्थ माझ्या धंद्यातल्या कुणालाही कळेल असा आहे. पळण्याचा खर्च वजा जाता घर चालवायला पुरेसं उरत नाही, मग शरीर काटकसर काढतं. पाळी थांबव, हाडांची डागडुजी पुढं ढकल, पोट कसंतरी रेट. पुरुषांनाही होतं, त्यांच्याकडे पाळीसारखी घंटा नाही, म्हणून त्यांना बहुतेक वेळा हाड चिरल्यावरच कळतं.

मी हिशोब घालून पाहिला. सपाटीवर पळताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. माझं वजन 54. 30 किलोमीटर पळले की सोळाशेच्या पुढं खर्च. दिवसभराच्या साध्या जेवणाइतका खर्च न्याहारीच्या आत झालेला, आणि जमेच्या बाजूला सहा बिस्किटं.

यातली खरी मेख अशी की नेमकी तेव्हा भूक नसते. अंग तापलेलं असतं, पोटाकडचं रक्त तीन तास पायांकडे वळलेलं असतं. फोडणीचा वाससुद्धा नको वाटतो. भूक जागी होते दुपारी तीनला, आणि ती मग माणसाची राहत नाही. मोबाइलवरून मागवलेली बिर्याणी येईपर्यंत फरसाणाचा डबा रिकामा होतो. म्हणून ‘भूक लागली की बघू’ हे एरवीचं शहाणपण पळणाऱ्याच्या कामाचं नाही. दमलेल्या, भूक मेलेल्या, एकट्या माणसाच्या पोटात अर्ध्या तासात काहीतरी जावं कसं, एवढाच प्रश्न आहे. पाककृतीचे व्हिडिओ यावर उत्तर देत नाहीत. त्यांत पहिल्या मिनिटाला तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या येतात.

उत्तर आमच्या साताऱ्याच्या घरात फडताळात ओळीनं बसलेलं होतं. मेतकूट, भाजणी, सातूचं पीठ, नाचणीचं सत्त्व. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला, उन्हातून आलेल्याला द्यायचं ते हे. भाजणं, दळणं ही वेळखाऊ कामं कुणीतरी एका दुपारी उरकून ठेवलेली असतात. ऐनवेळी फक्त कालवायचं. (हे ‘कुणीतरी’ म्हणजे कायम घरातली एखादी बाई, हे विसरून मी या पिठांच्या आरत्या ओवाळणार नाही. मी माझं मेतकूट गृहउद्योगाच्या दुकानातून आणते आणि त्यात मला अजिबात अपराधी वाटत नाही.)

पण मेतकुटाला खाली भात लागतो, आणि भाताला कुकर. म्हणून आधी कुकर घेतला. तुळशीबागेतल्या दुकानदाराने दोन लिटरचा कुकर हातात देता देता विचारलं, “ताई, तीनचा घ्या की. पाहुणे आले म्हणजे?” मी म्हटलं, पाहुणे आले तर बाहेर जेवू. तो हसला नाही. मला मात्र ते बोलताना बरं वाटलं. घरातला पाच लिटरचा कुकर काढताना दर वेळी वाटायचं की आपण चार माणसं कमी आहोत. या नव्यात एक वाटी तांदूळ टाकला तरी तो भरल्यासारखा दिसतो.

आता मंगळवारी-गुरुवारी काय होतं ते सांगते. पहाटे बुटाच्या नाड्या बांधायच्या आधी मूठभर मूगडाळ आणि दोन मुठी तांदूळ धुऊन, पाणी, हळद, मीठ, एवढं कुकरात घालायचं, झाकण लावायचं, गॅस न पेटवता निघायचं. परत येईपर्यंत ते दोन तास भिजलेलं असतं. दारातून आत आल्याबरोबर गॅस. मग गॅलरीत पोटऱ्या ताणत शिट्ट्या मोजायच्या. दोन पुरतात. आंघोळ होईपर्यंत वाफ जिरते. वरून तूप, लिंबू, मेतकूट नाहीतर लोणच्याचा खार. चिरणं नाही, फोडणी नाही, एक भांडं. त्याच कुकरात बटाटा आणि दोन अंडी ठेवली की रात्रीचीही सोय होते. अंडं म्हटलं की सहा ग्रॅम प्रथिनं, हा हिशोब आता झोपेतही येतो. एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम गाठायची असली तर दोन अंडी, वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावर काम भागतं. पावडरचे डबे वाईट नाहीत, पण माझ्याकडचा एक डबा उघडल्यापासून अकरा महिने तसाच आहे.

चहाचंही सांगायला हवं, कारण ते मला सोडवत नव्हतं. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह कमी अंगी लागतं, लिंबानं मात्र जास्त लागतं. म्हणून चहा आता तासभर लांब गेलाय आणि लिंबू ताटात आलंय. गोळ्या घेतल्याच, फेरिटिन नुसत्या गूळ-शेंगदाण्यांनी वर येत नाही, कुणी कितीही सांगो. पाळी परत यायला पाच महिने लागले.

रविवारचा पदार्थ वेगळा. रविवारी दडपे पोहे. शनिवारी रात्री नारळ फोडायचा, पाणी वाटीत काढून फ्रिजमध्ये, अर्धी वाटी खवून डब्यात. फोडणीसुद्धा आदल्या रात्रीच कढल्यात करून ठेवलेली असते: तेल, मोहरी, हिंग, हळद, हिरव्या मिरचीचे तुकडे, तळलेले शेंगदाणे. सकाळी पळून आल्यावर कांदा तेवढा चिरायचा. पातळ पोहे परातीत घ्यायचे. 100 ग्रॅम पोहे काट्यावर ठेवले तर परात शिगोशीग भरते, एकटीनं एवढं कसं खायचं असं वाटतं. त्यावर कांदा, खोबरं, ती फोडणी, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, आणि नारळाचं पाणी हातानं शिंपडायचं. ओतायचं नाही, नाहीतर लगदा होतो. हलक्या हातानं कालवलं की पोहे खाली बसायला लागतात, परात निम्मी रिकामी होते. मग वर ताट, ताटावर वजन. आईकडे यासाठी बत्ता असायचा. माझ्याकडे पाच किलोचा डंबेल आहे. लॉकडाऊनमध्ये घेतलेला तो डंबेल आयुष्यात प्रथमच नियमित वापरात आला.

दडपायला वीस मिनिटं लागतात. आंघोळीलाही तेवढीच. डोक्याला टॉवेल बांधून बाहेर येते तेव्हा पोहे मऊ झालेले असतात, कांद्याचा उग्रपणा गेलेला असतो, शेंगदाणे मात्र कुरकुरीत. गार पदार्थ, ओलसर, आंबट, खारट. तापलेलं अंग त्याला नाही म्हणत नाही. पोह्यांतून पाऊणशे ग्रॅम कर्बोदकं जातात. लांब पळून आल्यावर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा भरायचा तर वजनाच्या दर किलोला तासाला एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं घ्या असं क्रीडा आहारातले लोक सांगतात. माझ्या वजनाला एका परातीत तासाभराहून जास्तीचा हिशोब चुकता होतो. दुपारी अर्थात पुन्हा जेवायचं असतंच.

तेवढंही चावायची इच्छा नसेल तर शिकरण. दोन केळी, कपभर दूध, साखर. या पदार्थाची पुण्याबाहेर फार टिंगल होते. होऊ दे. दोन केळ्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, दुधात सात-आठ ग्रॅम प्रथिनं, आणि करायला लागतात दोन मिनिटं. परदेशी पळणारे चॉकलेटचं दूध पितात तेही याचसाठी. शिवाय कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या आणल्या की जेवणच होतं.

घरचं ते सगळं चांगलं, असा माझा दावा नाही. तो हट्ट मी पळताना करून पाहिलाय. जेलची (पळताना चोखायच्या गोड, घट्ट पाकाची) पाकिटं महाग म्हणून एकदा खिशात राजगिऱ्याचे लाडू घेतले. राजगिरा लाडू पळत खाऊन बघा. तोंडाला कोरड, श्वास जोरात, आणि लाडूचा भुगा पहिल्याच श्वासाबरोबर थेट घशात. सिंहगड रस्त्यावर पहाटे साडेसहाला मी इतकी ठसकले की दूधवाल्यानं गाडी थांबवली. पुढच्या आठवड्यात चिक्की नेली. ती दाताला अशी चिकटली की तीन किलोमीटर जिभेनं खोदकाम करत होते. शेंगदाण्यात तेल असतं, पळताना पोटात जड होऊन बसतं, हे नंतर कळलं. खजूर जमतो. बी काढून, दोन भाग करून. पण शर्यतीत मी जेलच घेते, तासाला दोन. तिथं आजीचा फडताळ मध्ये आणत नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशीसुद्धा परंपरा जरा लांबच ठेवावी लागते. 2023 मध्ये मुंबई मॅरेथॉन आणि संक्रांत एकाच दिवशी, 15 जानेवारीला आली. म्हणजे आदल्या दिवशी भोगी. आई फोनवर म्हणाली, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाल्ल्याशिवाय राहू नकोस. पावटा, हरभरा, वांगं, घेवडा, शेंगा. पहाटे सीएसएमटीच्या समोर हजारो माणसांत उभं राहायचं असताना आदल्या रात्री पोटात एवढा चोथा भरणं म्हणजे काय, हे आईला सांगणं अवघड. मी दादरला मैत्रिणीकडे उतरले होते. तिथं पांढरा भात, पातळ वरण, तूप, आणि वर दीड गुळाची पोळी खाल्ली. शर्यतीआधी दीड-दोन दिवस वजनाच्या किलोमागे दहा ग्रॅम कर्बोदकं घ्यायची म्हणजे माझ्यासाठी दिवसाला 540 ग्रॅम. नुसत्या भातानं ती गाठायची तर पातेलं घेऊन बसावं लागेल. गुळाच्या पोळीनं दोन घासांत बरंच अंतर कापलं. दुसऱ्या दिवशी पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढं, परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. त्याआधीच्या मॅरेथॉनमध्ये, भात सोडला होता त्या वर्षी, तिशी ओलांडल्यावर मी फुटपाथवर बसले होते. या वेळी चढ चढले. हळू, पण पळत.

एवढी वर्षं ‘भात खाऊन पोट सुटतं’ ऐकलेल्या मला केनियाचे धावपटू काय खातात हे वाचून हसू आलं होतं. त्यांच्या ताटात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आपल्या उकडीची दूरची बहीण. त्यांच्या आहारातली तीन चतुर्थांश ऊर्जा कर्बोदकांतूनच येते. उगाली, हिरवी पालेभाजी, दूध घातलेला गोड चहा. मात्र तिथल्या प्रशिक्षणाच्या कॅम्पांत हे सगळे एकत्र राहतात, एकत्र जेवतात. एकटं खात नाहीत. ते वाचल्यावर माझं हसू जरा ओसरलं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायला मी गेले ती आईकडूनच. यवतेश्वरचा घाट चढून वर जायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. “एवढं वर जाऊन परत इथंच यायचं?” आईनं विचारलं. शनिवारी संध्याकाळी तिनं माझ्यासाठी पिठलं-भात केला. मी मदतीला म्हणून ओट्याशी गेले. तेव्हा लक्षात आलं की कुकर वरच्या फळीवरून काढताना तिला स्टूल घ्यावं लागलं. तो खाली ओट्यावर नव्हता. झाकणाची रिंग वाळून कडक झाली होती. तिनं ती पाण्यात भिजवून ताणून बसवली. भाजणीचा डबा काठोकाठ भरलेला होता, वर वास धरलेला. फ्रिजमध्ये दूध, अर्धा ब्रेड, टोस्टचा पुडा.

“आई, तू रोज काय खातेस?”

“खाते की. सकाळची पोळी असते. दुधात कुस्करली की झालं. बाबा होते तेव्हाची गोष्ट वेगळी. आता काय, एकटीसाठी कुठं…”

ती थांबली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पिठल्याकडे पाहत राहिले. पिठल्याला गुठळ्या होत होत्या, आणि आईच्या पिठल्याला कधी गुठळ्या होत नाहीत.

“ढवळ की गं,” ती म्हणाली, “बघतेस काय नुसती.”

परतताना एसटीत मी तो भाजणीचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. टाकून द्यायला तिनं दिला नव्हता, मी पळवला होता. पुण्यात येऊन वास घेतला, पुन्हा घेतला, आणि कचऱ्यात रिकामा केला. पुढच्या आठवड्यात कुरिअरने दोन पुड्या मागवल्या, एक कर्वेनगरला, एक साताऱ्याला. त्याबरोबर तिला कुकरची नवी रिंगही पाठवली. तीन लिटरच्या कुकरची आली. आईचा पाचचा. ती बदलून घेण्यात दहा दिवस गेले.

हल्ली रविवारी दहाला फोन असतो. मी आंघोळ करून आलेली असते, डंबेल अजून ताटावर असतो. आई तिकडे स्वयंपाकघरातच असते, फोन स्पीकरवर टाकून मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवते, त्यामुळं मला तिच्यापेक्षा भांडी जास्त ऐकू येतात. कधी कधी आम्ही बोलतही नाही. गुडघ्याचं विचारते, शेजारच्यांच्या मांजराचं सांगते. पोहे थंड खातेस म्हणून दर वेळी ओरडते. पावसाळ्यात दडपे नको वाटतात तेव्हा मीही भात लावते.

परवा असंच चाललं होतं. बाहेर पाऊस, मी ओल्या केसांनी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली. मध्येच शिट्टी झाली. मी उठले, ओट्याकडे गेले, माझ्या कुकरकडे पाहिलं. शिट्टी जागची हललीही नव्हती.

“ही कुणाची गं, तुझी का माझी?” आईनं विचारलं.

“तुझी.”

“किती झाल्या मग?”

“मोजल्या नाहीत गं.”

“मीही नाही,” आई म्हणाली, आणि गॅस बारीक करायला गेली.